टॅब कोणाच्या हातात?

बरेच दिवस या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होते. पण घटक चाचणी, मग तिचे पेपर, मग ते गुण ऑनलाइन भरणं, मग सर्व्हर बंद असणं, मग तो रात्री साडेअकराला सुरू होणं... शिक्षकांना भरपूर सुट्ट्या असतात असं ज्यांना वाटतं त्यांना माझा लांबूनच नमस्कार. (आत्या, हे तुझ्यासाठी आहे हे तू ओळखलंच असशील. :))

तर विषय आहे गटकार्य आणि वर्गातलं तंत्रज्ञान. या दोन्ही गोष्टींना आजकाल कोणी नाही म्हणत नाही. तपासणीला साहेब आले की पहिले दोन प्रश्न हेच. "गटात बसवता का?" आणि "डिजिटल साधनं वापरता का?" दोन्हीला हो म्हटलं की चहा येतो. पण गट म्हणजे नेमकं काय, आणि त्या गटाच्या मध्ये एक यंत्र आणून ठेवलं की त्या पोरांचं आपसांत काय होतं, हे कोणी विचारत नाही. मी गेली चोवीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. मला या प्रश्नाने गेली काही वर्षं बरंच छळलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गटाबद्दल.

आम्ही बी.एड. केलं तेव्हा गटचर्चा हा पाठ-टाचणातला एक रकाना होता. तो भरायचा आणि पुढे जायचं. मग राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ आला, आणि त्याच्यामागून 'ज्ञानरचनावाद' हा भला थोरला शब्द आला. मूल हे रिकामं भांडं नाही, ते स्वतःचं ज्ञान स्वतः रचतं, असा त्याचा साधा अर्थ. आमच्या जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी हे खरोखर करून दाखवलं. फरशीवर आखलेले तक्ते, खडे, बिया, काड्या, आणि त्याभोवती कोंडाळं करून बसलेली पोरं. ते बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या यायच्या.

पण ती प्राथमिक शाळा. माध्यमिकला आमच्याकडे अठ्ठेचाळीस पोरं, लांबलचक लोखंडी बाकं आणि पस्तीस मिनिटांचा तास. बाकं फिरवण्यात सहा मिनिटं, परत लावण्यात सहा. उरलेल्या तेवीस मिनिटांत ज्ञान रचायचं! आणि गट म्हणजे काय, तर चार्ट पेपर. एक जण लिहितो, एक रंगवतो, एक "अरे तिथं नको, इथं" म्हणतो, एक बघतो आणि एक पाणी प्यायला जातो तो घंटा होईपर्यंत येत नाही. तुम्ही कोणत्याही शाळेत जा, हे पाच जण तुम्हाला भेटतीलच.

याला आपल्याकडे शास्त्राआधी म्हण आहे. भागीचं घोडं किवणानं मेलं. सगळ्यांचं घोडं, म्हणून कोणीच त्याची जखम धुवायची नाही. पाश्चात्त्यांनी तेच मोजून सांगितलं. मॅक्सिमिलियन रिंगेलमान नावाचा एक फ्रेंच कृषी अभियंता होता. त्याने माणसांना दोर ओढायला लावला, आधी एकेकट्याने आणि मग गटाने. दोराला जितकी माणसं जास्त, तितका प्रत्येकाचा जोर कमी. आठ जण झाले की माणशी जोर एकट्याच्या जोराच्या निम्म्यावर येत होता. हे त्याने १९१३ साली प्रसिद्ध केलं. काही जोर एकाच वेळी न ओढल्यामुळे वाया जातो हे खरं, पण काही निव्वळ "ओढतायत की बाकीचे" म्हणून जातो, हे पुढच्या संशोधकांनी दाखवलं.

आता योगायोग बघा. त्याच १९१३ साली अमेरिकेत थॉमस एडिसन सांगत होता, की शाळेतली पुस्तकं आता लवकरच जाणार, सगळं शिक्षण चित्रपटाने होणार, दहा वर्षांत शाळा पार बदलून जाईल. एकशे दहा वर्षं उलटून गेली. माझ्या टेबलावर बालभारतीचं पुस्तक अजून आहे, त्याच्या मुखपृष्ठाला अजून खाकी कव्हर आहे.

तंत्रज्ञान आमच्या शाळेत आलं नाही असं नाही हं. खूप वेळा आलं! आधी रेडिओ. मग टीव्ही. पुण्याला १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली, तिचे कार्यक्रम आम्ही स्वतः लहानपणी शाळेत बघितलेत. टीव्ही लाकडी कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली हेडसरांकडे. सर रजेवर असले की कार्यक्रम रजेवर. ती संस्था २०१७ साली बंद झाली तेव्हा मला उगाचच घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं होतं.

मग संगणक आले. नवीन पोरांना सांगितलं तर खोटं वाटेल, पण संगणक कक्षात जाताना आम्ही चपला बाहेर काढायचो. आत गादीवर बाळ झोपवावं तसे दहा संगणक, प्रत्येकाला शिवलेलं कव्हर. एका संगणकावर चार जण. त्यातला एक खुर्चीत, तीन मागे उभे. खुर्चीत कोण? वर्गातला सगळ्यात धीट मुलगा. वर्षभर तोच. त्याच्या मागे उभं राहून ज्यांनी 'संगणक शिक्षण' घेतलं, त्यांच्या वहीत माउसची आकृती सुबक आणि नावांसकट होती. फक्त त्यांचा हात कधी माउसला लागला नव्हता.

ही आकृती माझ्या डोक्यात पक्की बसलीय. कारण यंत्र बदललं तरी ती बदलली नाही.

सुगत मित्रांचा प्रयोग तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. १९९९ साली दिल्लीत कालकाजीला त्यांनी वस्तीच्या भिंतीत भोक पाडून एक संगणक बसवला आणि पोरांना मोकळं सोडलं. पोरं शिकवल्याशिवाय तो चालवायला शिकली, एकमेकांना सांगत, एकमेकांवर ओरडत. त्यांना पुढे २०१३ साली टेड पारितोषिकही मिळालं. मला या प्रयोगातलं सगळ्यात आवडतं ते हे, की संगणक एक होता आणि पोरं अनेक. म्हणजे तो गटाचाच प्रयोग होता. पण त्यावर टीकाही झाली. जाऊन बघणाऱ्या अभ्यासकांनी लिहिलं, की पोरांचा बराच वेळ खेळात आणि चित्रं रंगवण्यात जातो. माझ्या मनात मात्र वेगळाच प्रश्न यायचा. त्या गर्दीत मागे उभी असलेली, धाकट्या भावाला कडेवर घेतलेली एखादी पोर असेलच की. तिचा नंबर कधी लागला असेल?

आता आमच्याकडचं सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने स्नेहमेळावा केला आणि शाळेला दहा टॅब दिले. कोणी पुण्यात कंपनीत, कोणी इथंच ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये, कोणी दुबईत. सगळ्यांनी वर्गणी काढून दिले. फार कौतुकाची गोष्ट. अठ्ठेचाळीस पोरं, दहा टॅब, म्हणजे पाच-पाच जणांचे गट आपोआपच पडले.

पहिले दोन आठवडे मी फक्त बघत होते. हजेरीच्या मागच्या पानावर खुणा करत होते, टॅब कोणाच्या हातात. ज्या गटात मुलगे आणि मुली दोन्ही होते, त्यातल्या बहुतेक गटांत टॅब मुलाच्या हातात आणि वही-पेन मुलीच्या हातात. कोणी भांडण केलं नव्हतं, कोणी हिसकावून घेतलं नव्हतं. पाणी उताराकडे जावं तसं हे आपोआप झालं होतं. मुलींनाच विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, तिचं अक्षर चांगलंय ना, म्हणून ती लिहिते."

हे "अक्षर चांगलंय" प्रकरण मोठं गमतीचं आहे. कौतुक म्हणून सुरू होतं आणि कामाची वाटणी म्हणून संपतं. पोळ्या छान करते म्हणून पोळ्या तिनेच करायच्या, तसं. आणि जी लिहिते ती सगळ्यात जास्त काम करते, ती दुसऱ्यांचं ऐकून, निवडून, नीट मांडते. पण तिचं बोट पडद्याला लागत नाही. वर्षाच्या शेवटी एकाला यंत्राची भीती गेलेली असते, दुसरीला लिहायची सवय वाढलेली असते. गुण मात्र दोघांना सारखे.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. पण मी लॉकडाऊन बघितलाय. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग व्हॉट्सॲपवर भरू लागला. आमच्या गावात बहुतेक घरी चांगला फोन एकच. तो दिवसभर वडिलांबरोबर रानात किंवा कामावर. संध्याकाळी घरी आला की आधी दादाचा अभ्यास, कारण दादा बारावीला. मग जेवणं. मग आईचं फोनवरचं बोलणं. मुलींच्या गृहपाठाचे फोटो मला रात्री अकराला, सव्वाअकराला यायचे, पिवळ्या बल्बच्या उजेडात काढलेले, कोपऱ्यात भांड्यांची सावली. एकीचे फोटो यायचे बंद झाले. मी फोन केला तर म्हणाली, "मॅडम, फोन दादाकडं असतो." तक्रार नव्हती तिच्या आवाजात. आज बाहेर पाऊस आहे असं सांगावं तसं सांगितलं तिने. मला त्या सुरानेच जास्त वाईट वाटलं.

त्याच काळात उलटंही बघितलं. आमच्या वाडीतली पाच-सहा पोरं एका फोनवर, देवळाच्या कट्ट्यावर. नेट तिथेच यायचं. शिक्षक नाही, बाकं नाहीत, गटप्रमुख नेमलेला नाही. एक जण प्रश्न मोठ्यांदा वाचायचा, बाकीचे उत्तरावर भांडायचे. मला त्यांनी पाठवलेली उत्तरं वेगवेगळी असायची, कारण भांडण मिटलेलंच नसायचं! शाळेत जे गटकार्य मी सहा मिनिटं बाकं हलवून मिळवू शकत नव्हते, ते तिथे फुकटात चाललं होतं.

म्हणजे एकच फोन एका घरात एकीला मागे ठेवतो, आणि देवळाच्या कट्ट्यावर सहा जणांना पुढे नेतो. फरक यंत्रात नाही, यंत्राभोवतीच्या रिवाजात आहे. हे मनात आलं, पण करायचं काय ते कळेना.

ते मला एका पालकांनी सांगितलं. सांगायला नव्हते आले बरं का, भांडायला आले होते.

त्यांची मुलगी नववीला. तीच ती चांगल्या अक्षराची. वडील शेतकरी, दीड एकर बागायत, दोन म्हशी. ऑफ तासाला स्टाफरूमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, परकल्प सगळा हिनं लिवला. रात्री बारापातुर बसली हुती. आन् मार्क पाच जणांना सारखं?" मी त्यांना समजावू लागले, की एकत्र काम करायला शिकणं हाही अभ्यासच असतो, पुढे नोकरीत उपयोगी पडतं वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एकत्र काम आमाला कुणी शिकवाय नगं. आमी पैऱ्यानंच शेती करतो. पर पैऱ्यात दिवस मोजत्यात. म्या तुज्या रानात दोन दिवस आलो, तर तू माज्या रानात दोन दिवस यायचं. लिवून ठेवत न्हाई कोण, पर समद्यांच्या ध्यानात असतंय. आन् इर्जिकीला बलावलं तरी परत्येकानं आपापलं औत घिऊन यायचं. मोकळ्या हातानं आला तर त्याला जेवायला कोण घालंल?"

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पैरा म्हणजे शेतकऱ्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या शेतात काम करणं, मजुरी न देता. आणि इर्जिक म्हणजे एकाच्या शेताला सगळ्यांनी आपापली औतं-बैलं घेऊन यायचं, एका दिवसात रान उरकायचं, आणि मालकाने सगळ्यांना जेवण घालायचं. ट्रॅक्टर आल्यावर इर्जिक कमी झाली, पण पैरा आमच्याकडे अजून चालतो, टोकणीला, भांगलणीला.

ते गेल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसले होते. गटकार्याचा सगळा सिद्धांत त्या दोन वाक्यांत होता. एक, प्रत्येकाने आपलं औत आणायचं. दोन, दिवस सगळ्यांच्या ध्यानात असायचे. आणि आमच्या चार्ट पेपरच्या गटात या दोन्ही गोष्टी नव्हत्या. एका औताने नांगरट चालली होती आणि जेवायला पाच पानं.

नंतर शोधाशोध केली तेव्हा कळलं, की एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९७१ साली जवळपास हेच केलं होतं. तिथल्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आणली होती आणि वर्गावर्गात ताण होता. त्याने धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा. दुसऱ्याचा तुकडा ऐकल्याशिवाय धडा पुरा होत नाही, म्हणून ज्याला कोणी विचारत नव्हतं त्याचंही ऐकणं भाग पडलं. 'जिगसॉ' पद्धत म्हणतात तिला. आमच्या पालकांनी ॲरन्सन वाचला असण्याची शक्यता कमी आहे. :)

तर मग वर्गात काय बदललं ते सांगते. शिक्षक वाचत असतील तर त्यांना उपयोग होईल.

पहिलं, हात एकाचा आणि तोंड दुसऱ्याचं. ज्याच्या हातात टॅब, त्याने स्वतःच्या मनाने काही दाबायचं नाही. बाकीचे सांगतील तेच करायचं. त्यामुळे हुशारी हातातून तोंडात आली, आणि मागे बसणाऱ्याला बोलावंच लागलं. दुसरं, दर आठ मिनिटांनी टॅब उजवीकडे. मी टेबलावर डस्टर आपटते, तो इशारा. तिसरं, लिहिणं सगळ्यांचं, आपापल्या वहीत, वेडंवाकडं चालेल. चौथं, शेवटी चिठ्ठी निघेल. ज्याचं नाव येईल त्याने गटाचं काम समजावून सांगायचं, आणि त्याच्या सांगण्यावर सगळ्या गटाचे निम्मे गुण. उरलेले निम्मे प्रत्येकाच्या वहीचे. या चिठ्ठीने जादू केली. कारण आता पाणी प्यायला गेलेल्याला बोलावून आणायची जबाबदारी गटाची झाली.

पण खरी मजा आली ती नववीच्या 'ध्वनीचा अभ्यास' या धड्याला. हवेतला ध्वनीचा वेग पुस्तकात दिलेलाच आहे, पाठ करायचा आणि लिहायचा. मी ठरवलं, मोजायचा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं 'फायफॉक्स' नावाचं एक फुकट ॲप आहे. टॅबमध्ये एकदा घेतलं की पुढे नेट लागत नाही. त्यात आवाजावर चालणारं घड्याळ आहे. पहिल्या आवाजाला सुरू होतं, दुसऱ्या आवाजाला थांबतं.

दोन टॅब घ्यायचे, एकमेकांपासून बरोबर दहा मीटरवर ठेवायचे. प्रत्येक टॅबजवळ एक जण. आधी पहिल्याने टाळी वाजवायची. त्याचा टॅब लगेच सुरू होतो, दुसरा टॅब मात्र आवाज तिथे पोचल्यावर. मग दुसऱ्याने टाळी वाजवायची. आता दुसरा टॅब लगेच थांबतो, आणि पहिला उशिरा. म्हणजे पहिल्या टॅबवरची वेळ दुसऱ्यापेक्षा थोडी जास्त येते, आणि तो फरक म्हणजे आवाजाला दहा मीटर जायला आणि दहा मीटर यायला लागलेला वेळ. वीस मीटर भागिले तो फरक, की झाला वेग. दोन घड्याळं जुळवत बसायची गरजच नाही. इतकी सुंदर युक्ती आहे की मला पहिल्यांदा वाचल्यावर रात्री झोप लागली नाही.

आणि हे काम एकट्याला करताच येत नाही! दोन टॅब, दोन टाळ्या, टेप धरणारे दोघं, आकडे टिपणारा एक. अक्षर कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. प्रत्येकाला आपापलं औत आणावंच लागतं. टेप एका गवंडीकाम करणाऱ्यांच्या मुलाने घरून आणला. एरवी हा मुलगा वर्गात तोंड उघडत नाही. त्या दिवशी टेप ढिला धरला म्हणून त्याने सगळ्यांना झापलं.

दोन दोन गट जोडले, शनिवारची सकाळची शाळा आणि जोडतास घेतला. पहिल्या खेपेला टाळी वाजायच्या आतच टॅब सुरू झाला. का, तर पाचवी-सहावीच्या पोषण आहाराच्या पातेल्यावरचं झाकण पडलं. दुसऱ्या खेपेला बाकीची पोरं हसली म्हणून. मग माझ्या लक्षात आलं, की मी "गप्प बसा" म्हटलेलं नाही आणि तरी अठ्ठेचाळीस पोरं मैदानावर गप्प बसलीत. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. यंत्रालाच शांतता हवी होती ना.

तरी टॅब मधेच सुरू होतच होता. तेव्हा ती चांगल्या अक्षराची मुलगी, जिचा हात त्या वेळी टॅबवर होता, म्हणाली, "मॅडम, बारक्या आवाजाला सुरूच होऊ नये असं यात काहीतरी असंल की." असतं. किती मोठा आवाज झाला की घड्याळ सुरू व्हावं, तो आकडा बदलता येतो. मी सांगितलं नाही. तिने आणि तिच्या गटाने शोधला, दोनदा चुकीचा घातला, तिसऱ्यांदा जमला. फरक आला ०.०५८ सेकंद. भागाकार केला, सेकंदाला ३४५ मीटर. पुस्तकातल्या आकड्याच्या अगदी जवळ. पोरांनी असा काही आरडाओरडा केला की शेजारच्या वर्गावरचे सर बाहेर आले.

त्याहून भारी दुसऱ्या गटाचं. त्यांचा वेग आला ४३०च्या वर! कोणी म्हणे टॅब खराब, कोणी म्हणे भागाकार चुकला. शेवटी टेपवाल्यानेच ओळखलं. टाळ्या वाजवणारे दोघं टॅबपाशी उभे न राहता एकेक मीटर आत, मधल्या जागेत उभे होते. म्हणजे आवाजाचं अंतर दहा नव्हतंच, आठ होतं. चुकलेलं उत्तर कुठे चुकलं हे पोरांनी आपसांत वाद घालून शोधलं. माझ्या लेखी त्या दिवशीचं सगळ्यात मोठं काम तेच. देवळाच्या कट्ट्यावरचं भांडण शेवटी शाळेत आलं म्हणायचं.

आता सगळं छान झालं असं नाही हं. असे धडे वर्षातून चार-पाच जमतात. बाकी अभ्यासक्रम पळत असतो आणि आपण त्याच्यामागे. दहा टॅबमधला एक खाली पडून तडकला, एकाची बॅटरी फुगली. चिठ्ठीत नाव आलं की रडवेला होणारा एक मुलगा आहे, त्याला आम्ही आधी दोघांच्या जोडीने बोलायला देतो. आणि मुलींच्या हातात टॅब गेला म्हणून घरातला फोन त्यांच्या हातात गेला, असं होत नाही. तेवढी माझी पोच नाही.

शिवाय आता गटात सहावा भिडू आलाय. चॅटजीपीटी. २०२२च्या शेवटी ते आलं आणि बघता बघता आमच्या तालुक्यापर्यंत पोचलं. मागच्या वर्षी जलप्रदूषणावरच्या प्रकल्पाच्या नऊ वह्या आल्या, नऊही वह्यांत एकसारखं गुळगुळीत मराठी. आमच्या गावच्या ओढ्याचं नाव एकातही नाही. त्या ओढ्यात साखर कारखान्याच्या हंगामात फेस येतो, हे गावातल्या म्हशींना माहीत आहे, पण वहीत नव्हतं. मी चिडले नाही, कारण मला हे ओळखीचं वाटलं. पूर्वी सगळं काम चांगल्या अक्षराच्या मुलीवर ढकलायचे, आता यंत्रावर. भागीचं घोडं तेच, फक्त या घोड्याला किवण लागत नाही आणि ते रात्री बाराला दमत नाही. म्हणून तर जास्त धोक्याचं.

उपाय तोच, औत आणायला लावणं. यंदा प्रकल्प असा दिला: ओढ्याच्या तीन ठिकाणचं पाणी बाटलीत आणा, लिटमस लावा, वास लिहा, काठावरच्या एका म्हाताऱ्या माणसाला विचारा की पूर्वी इथे कोणते मासे मिळायचे. मग हवं तर यंत्राला विचारा, आणि त्याने सांगितलेल्यातलं आपल्या ओढ्याला काय लागू नाही ते लाल पेनाने खोडा. खोडण्याला गुण ठेवलेत. पोरांना खोडायला फार आवडतं असं दिसतंय.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळीकडे त्यांच्या क्यूआर कोडची चर्चा झाली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणायची त्यांची कल्पना मोठी आहेच. पण मला जास्त लक्षात राहिलं ते वेगळंच. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. तंत्रज्ञानासाठी नावाजलेल्या माणसाने पहिलं काम केलं ते वाटणीचं. वर्गातही मला आता यंत्रापेक्षा वाटणीचाच प्रश्न मोठा वाटतो. नवीन काही साधन आलं, की मी त्याचं माहितीपत्रक वाचत नाही. तीनच गोष्टी बघते: हे कोणाच्या हातात जाईल, किती वेळाने दुसऱ्याच्या हातात जाईल, आणि ज्याच्या हातात नाही त्याच्याकडे तेव्हा काय काम असेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "तो बघेल" असं असेल, तर ते साधन कपाटातच बरं.

मागच्या महिन्यात पालकसभा झाली. ते पैऱ्यावाले आले होते. मी हिशेब समजावून सांगितला, निम्मे गुण गटाचे, निम्मे ज्याचे त्याचे. ते जरा विचार करून म्हणाले, "मंजी दिवस मोजायला लागला म्हणा की." म्हटलं, हो. मग जाता जाता दारात थांबले आणि म्हणाले, "घरी फोनात तिला आवाजाचं ते घड्याळ टाकून दिलंय म्या. म्हशीचं हंबरणं मोजती."

असो. फारच लांबलं. तुमच्या शाळेत, तुमच्या गटात, तुम्ही पाचातले कोण होतात? लिहिणारे, रंगवणारे, की पाणी प्यायला जाणारे? खरं खरं सांगा. (दादा, तू सांगायची गरज नाही. सगळ्यांना माहीत आहे.)